साप कळतो, पगार मिळत नाही

सरपटणाऱ्या प्राण्यांबरोबर आयुष्यभर काम करायचे असेल तर शिकायचे काय, हा प्रश्न पनवेल परिसरातल्या मुलामुलींना पडावा यात नवल नाही. एका बाजूला कर्नाळ्याचे अभयारण्य आणि माथेरान-प्रबळगडाची डोंगररांग, दुसऱ्या बाजूला खाडीकाठची खाजणे, आणि मधे भातखाचरांवर वसलेली नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर, उलवे ही सिडकोची नगरे. शेत गेले तरी उंदीर गेला नाही, म्हणून धामण आणि नागही गेले नाहीत. नाल्यात दिवड आहे, आवारातल्या माजलेल्या गवतात घोणस आहे, आणि पावसाळी रात्री मण्यार घरात शिरते. साप निघाला की फोन जातो तो सर्पमित्राला. तो येतो, साप पकडतो, जमलेल्या लोकांना चार गोष्टी समजावतो आणि बहुतेक वेळा पेट्रोलच्या पैशांवर परत जातो. शाळकरी मुलासमोर या क्षेत्रातला माणूस म्हणून हाच एक उभा असतो. घरची मंडळी मग दोनपैकी एक उत्तर देतात: छंद म्हणून ठीक आहे, किंवा बारावीनंतर झूलॉजी घे. पहिल्या उत्तरात या क्षेत्रात कामच नाही असे गृहीत धरलेले आहे, आणि दुसऱ्यात एका पदवीने काम मिळेल असे. दोन्ही समजुती वस्तुस्थितीला धरून नाहीत. सर्पदंशावरचे उपचार, प्रतिविषाची निर्मिती, वन्यजीव गुन्ह्यांचा तपास, प्रकल्पांचे पर्यावरणीय परीक्षण, प्राणिसंग्रहालये, पशुवैद्यक, सागरी कासवांचे संवर्धन, नव्या जातींचा शोध अशी कामे भरपूर आहेत. अडचण निराळी आहे. ज्याला साप कळतो त्याला पगार नाही, आणि ज्या पदाला पगार आहे त्यावरच्या माणसाला साप कळण्याची सक्ती नाही. ही फट नेमकी कुठे कुठे आहे आणि शिक्षणाने ती किती बुजवता येते, याचा हा आढावा आहे.

सुरुवात सर्पमित्रापासूनच केली पाहिजे, कारण महाराष्ट्रात सापांविषयीचा लोकांचा दृष्टिकोन बदलण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात या चळवळीला जाते. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली पुण्यात ७२ विषारी सापांच्या सहवासात ७२ तास काढले. साप विनाकारण चावत नाही, हे लोकांना दाखवण्याचा तो एक मार्ग होता, आणि १९८६मध्ये पुण्यात त्यांच्या पुढाकाराने सर्पोद्यान उभे राहिले. त्यानंतर गावोगाव तरुण या कामात उतरले आणि दिसला साप की ठेच, ही सवय कमी होत गेली. मात्र त्या काळाने आणखी एक वारसा ठेवला: सापांबरोबर काम करण्याची पात्रता म्हणजे धाडस, अशी समजूत. धाडसाला अभ्यासक्रम नसतो, परीक्षा नसते आणि वेतनश्रेणीही नसते. त्यामुळे हे काम समाजाने वर्षानुवर्षे फुकट वापरले, आणि करणाऱ्यांनाही त्याचा मोबदला लोकांच्या कौतुकातून, आता मोबाइलवरच्या व्हिडिओंतून घ्यायची सवय लागली. गर्दीसमोर साप हाताळण्याच्या मोहात अनुभवी माणसेसुद्धा दंशाने दगावली आहेत. कायद्याच्या नजरेतही त्यांचे स्थान अधांतरी राहिले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राणी पकडणे हे शिकारीच्या व्याख्येत येते. शिक्षण, संशोधन किंवा जीवरक्षक औषधांसाठी विषसंकलन यांसारख्या हेतूंसाठी परवानगीची तरतूद कायद्यात आहे, पण सोसायटीच्या जिन्यातला नाग मध्यरात्री उचलणाऱ्या तरुणाचे काम वन विभागाच्या संमतीवर आणि स्थानिक अधिकाऱ्याच्या समजूतदारपणावर चालते. जुलै २०२५मध्ये राज्य सरकारने सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र आणि दहा लाख रुपयांचे अपघात विमाकवच देण्याचे जाहीर केले, अत्यावश्यक सेवेच्या दर्जासाठी शिफारस करण्याचेही सांगितले. दिशा योग्य आहे. पण विमा मृत्यूनंतर कामाला येतो, आणि ओळखपत्रामुळे दरमहा घरखर्च चालत नाही.

केरळने याच प्रश्नाला निराळ्या बाजूने हात घातला. २०२० साली कोल्लम जिल्ह्यात पत्नीच्या खुनासाठी नागाचा वापर झाला, आणि तो नाग साप पकडणाऱ्या एका माणसाकडून विकत घेतलेला निघाला. त्याच वर्षी तिथल्या वन विभागाने साप पकडणाऱ्यांसाठी नियमावली आणली. प्रशिक्षण, प्रमाणपत्र, ठरावीक साधने, आणि प्रत्येक सापाची नोंद घेणारे ‘सर्प’ नावाचे ॲप अशी ती रचना आहे. या रचनेतला खरा बदल नोंदीचा आहे. कोणता साप, कुठे, कधी, कोणत्या अवस्थेत सापडला आणि कुठे सोडला, हे लिहिले गेले की साप पकडण्याच्या धावपळीतून माहिती जमा होते, आणि त्या माहितीच्या आधारे पुढे शहरनियोजन, आरोग्य विभाग आणि संशोधन यांना काम करता येते. पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आणि आसपास दर पावसाळ्यात पकडल्या जाणाऱ्या सापांची अशी एकत्रित नोंद असती, तर कोणत्या वसाहतीत घोणस जास्त निघते आणि मण्यार कोणत्या महिन्यांत घरात येते, हे रुग्णालयांना आधीच सांगता आले असते.

साप पकडणे हा या कामातला सर्वांत दिसणारा, पण शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत छोटा भाग आहे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. खरा प्रश्न पकडल्यानंतर सुरू होतो: सोडायचा कुठे? लोकांचा आग्रह असतो की लांब जंगलात सोडा. कर्नाळा जवळ असल्याने पनवेलकरांना ते सहज पटते. परंतु साप आपल्या परिसरातली बिळे, पाणी, भक्ष्य आणि लपण्याच्या जागा ओळखून जगतो. कर्नाटकातल्या आगुंबे येथे नागराजाच्या अंगात रेडिओ ट्रान्समीटर बसवून केलेल्या आणि २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक अभ्यासात, दूर नेऊन सोडलेला नर आपल्या मूळ भागात राहिलेल्या नरापेक्षा कितीतरी जास्त भटकला. इतर देशांतल्या अभ्यासांतही दूर सोडलेल्या सापांच्या बाबतीत जास्त भटकंती आणि जास्त मृत्यू असे निष्कर्ष पुन्हा पुन्हा आले आहेत. म्हणजे साप वाचवल्याचे समाधान आपल्याला मिळते, साप वाचतोच असे नाही. ज्याला हे ठाऊक आहे तो साप जवळच्या सुरक्षित जागी सोडतो आणि सोसायटीला कचरा, उंदीर आणि भिंतीच्या फटी यांचा बंदोबस्त करायला सांगतो. हे ज्ञान चिमटा आणि पिशवी वापरायला शिकून येत नाही. त्यासाठी परिसंस्थाशास्त्र शिकावे लागते.

आता संशोधनाकडे वळू. मराठी मुलखात या विषयाची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. १८८३मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) आणि १८९९पासून परळला काम करणारी हाफकिन संस्था ही तिची दोन मुख्य ठिकाणे. हाफकिनमधल्या पु. ज. देवरस यांचे भारतीय सापांवरचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढले, बीएनएचएसच्या जे. सी. डॅनियल यांचा सरपटणाऱ्या प्राण्यांवरचा ग्रंथ १९८३चा. आणि पुण्याचे अशोक कॅप्टन यांनी रॉम्युलस व्हिटेकर यांच्याबरोबर केलेले भारतीय सापांचे क्षेत्रदर्शक पुस्तक २००४चे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सह्याद्रीतून पाली, साप आणि देवगांडुळांच्या नव्या जातींची नोंद सतत होत आहे. वरद गिरी यांचे नाव या कामाशी घट्ट जोडलेले आहे. २०११मध्ये रुका सर्पाच्या एका जातीला त्यांचे नाव दिले गेले, आणि कोयनेतल्या मांजऱ्या सापाची नवी जात २०१९मध्ये नोंदवणाऱ्या गटात ते होते. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर एकविसाव्या शतकातही नवा साप सापडतो, यावरून काम किती शिल्लक आहे हे कळते. आज नवी जात ठरवायला खवले मोजणे पुरत नाही. डीएनएचे विश्लेषण, सांख्यिकी, संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांशी तुलना आणि इंग्रजीत काटेकोर शोधनिबंध लिहिणे, एवढे सगळे लागते.

या वाटेचे टप्पे ठरलेले आहेत. पनवेलमध्ये आणि नवी मुंबईत विज्ञानाची पदवी देणारी महाविद्यालये आहेत, तिथे प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेता येते. पुढे साधी एम.एस्सी. करता येते, किंवा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अथवा बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राच्या वन्यजीवविषयक एम.एस्सी.साठी प्रवेशपरीक्षा देता येते. मुंबईतच राहायचे तर बीएनएचएस हे मुंबई विद्यापीठाचे मान्यताप्राप्त संशोधन केंद्र आहे, आणि तिचे छोटे अभ्यासक्रमही असतात. पीएच.डी.च्या काळात नेट उत्तीर्ण झालेल्या कनिष्ठ संशोधकाला २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये छात्रवृत्ती मिळते. इथवर चित्र आशादायक आहे. मात्र वन्यजीवविषयक नावाजलेल्या अभ्यासक्रमांच्या जागा देशभरात अगदी थोड्या आहेत, जीवविज्ञानाच्या नेट परीक्षेत सरपटणाऱ्या प्राण्यांचा वाटा नगण्य आहे, आणि पीएच.डी.नंतर केवळ सर्पतज्ज्ञ म्हणून जाहिरात निघत नाही. जाहिरात निघते ती प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाची, परिसंस्थाशास्त्रज्ञाची किंवा रेण्वीय जीवविज्ञानाच्या संशोधकाची. म्हणून या वाटेवर टिकायचे असेल तर आधी एखादी मूळ विद्याशाखा पक्की हवी. सांख्यिकी उत्तम येणाऱ्याने पालींवर काम केले तर त्याला पालींखेरीजही काम मिळते. फक्त पाली ओळखणाऱ्याला ते मिळत नाही.

ही गोष्ट सर्वांत ठळक दिसते ती वैद्यकात. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. भारताने मार्च २०२४मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०३०पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी लागणारी माणसे डॉक्टर, परिचारिका, साथरोगतज्ज्ञ, जीवरसायनशास्त्रज्ञ आणि औषधनिर्मितीतले तंत्रज्ञ आहेत. रायगड जिल्ह्याला याचे उदाहरण बाहेर शोधावे लागत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे काही प्राणिशास्त्रज्ञ नव्हेत. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रापासून काम सुरू करणाऱ्या या डॉक्टरांनी विंचूदंशाच्या रुग्णांची पद्धतशीर निरीक्षणे केली, प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला, सर्पदंशावरही लिहिले, आणि कोकणातल्या निरीक्षणांची दखल ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाला घ्यायला लावली. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विषारी प्राण्यांवरचे इतके मोलाचे काम प्राणी हातात न धरता होऊ शकते.

डॉक्टरला साप कळण्याची गरज मात्र याच ठिकाणी सर्वांत जास्त आहे. भारतात मिळणारे बहुसंयुजी (पॉलिव्हॅलंट) प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनते. कर्नाळा-माथेरानच्या जंगलात आढळणाऱ्या हिरव्या चापड्याचे विष त्यात धरलेले नाही. त्यामुळे चापड्याच्या दंशात ते देऊन उपयोग होत नाही, उलट प्रतिविषाच्या तीव्र प्रतिक्रियेचा धोका तेवढा पत्करावा लागतो. मण्यारीच्या दंशाची जागा अनेकदा दिसतही नाही आणि रुग्ण पोटदुखीची तक्रार घेऊन येतो. घोणसीच्या विषाने रक्त गोठत नाही, म्हणून काचेच्या स्वच्छ नळीत रक्त वीस मिनिटे ठेवून पाहण्याची साधी चाचणी तालुक्याच्या रुग्णालयातही जीव वाचवते. हे सगळे एमबीबीएसच्या पुस्तकात असते. पण पनवेलमध्ये कोणत्या ऋतूत कोणता साप भेटतो, हे त्यात नसते, आणि ते ज्याला ठाऊक असते तो सर्पमित्र रुग्णालयाच्या रचनेत कुठेच नसतो. या दोघांच्या मधली जागा आज रिकामी आहे. विषविज्ञान शिकलेला, सापांची ओळख असलेला डॉक्टर किंवा परिचारक तिथे बसला तर त्याला वेगळे पद मागावे लागणार नाही. आरोग्य विभागात त्याची जागा आधीच आहे.

प्रतिविषाच्या निर्मितीतही हेच चित्र आहे. पुणे जिल्ह्यातले नारायणगाव, पिंपरी आणि मुंबईजवळचे अंबरनाथ ही प्रतिविषाच्या उद्योगाशी जोडलेली ठिकाणे. त्यांना लागणारे विष मात्र वर्षानुवर्षे मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला साप पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. व्हिटेकर यांच्या पुढाकाराने १९७८मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे सदस्य परवान्याने साप पकडतात, काही आठवडे ठेवून विष काढतात आणि साप पुन्हा सोडतात. कातड्याच्या व्यापारावर बंदी आल्यावर उपजीविका गमावलेल्या जमातीचे ज्ञान या व्यवस्थेने औषधनिर्मितीत आणले, आणि २०२३मध्ये वडिवेल गोपाल व मासी सदैयन या दोघा इरुलांना पद्मश्री मिळाली. साप ओळखणाऱ्याला त्या ओळखीचेच पैसे मिळतात, अशी देशातली ही बहुधा एकमेव मोठी व्यवस्था आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधनाने दाखवून दिले आहे. तसे असेल तर कोकणातल्या फुरशाचे आणि घोणसीचे विष कोकणातच परवान्याने गोळा होणे हा आरोग्याचा प्रश्न ठरतो. रायगडमधल्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांतल्या तरुणांना रान, बिळे आणि माग यांची जी जाण आहे, तिला अशा कामात स्थान देता येईल. अर्थात, परंपरा आहे म्हणून कुणाच्याही हातात साप देऊ नये. इरुलांच्या संस्थेचे बळ परवाना, नोंद आणि प्रयोगशाळा यांत आहे, आणि नेमके तेच इथे उभे करावे लागेल.

पशुवैद्यकाची वाट लांब असली तरी सर्वांत सुरक्षित आहे. नीट परीक्षा, साडेपाच वर्षांची पदवी, मग हवे तर पदव्युत्तर शिक्षण. १८८६मध्ये सुरू झालेले मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय, तसेच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळची महाविद्यालये नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाखाली येतात, आणि याच विद्यापीठाचे वन्यजीव संशोधन केंद्र गोरेवाड्याला आहे. अभ्यासक्रमाचा भर गाय-म्हैस, कोंबडी, कुत्रा यांच्यावर असणार, ते रास्तही आहे. सरपटणाऱ्या प्राण्याचे शरीर मात्र वेगळ्या नियमांनी चालते. त्याचे तापमान बाहेरच्या हवेवर अवलंबून असल्याने औषधाचा परिणाम आणि दोन मात्रांमधले अंतर बदलते. शरीराच्या मागच्या भागात टोचलेले औषध मूत्रपिंडातून आधीच निघून जाण्याची शक्यता असते, म्हणून इंजेक्शन सहसा पुढच्या भागात देतात. जेसीबीने चिरलेली धामण, बागेच्या जाळीत अडकलेला नाग, मासेमारीच्या जाळ्यात पाय कापले गेलेले कासव, असे रुग्ण पनवेलसारख्या वाढत्या शहरात येतच राहणार. शिवाय इग्वाना, बॉल पायथन, लाल कानाची कासवे असे परदेशी प्राणी घरात पाळले जात आहेत. त्यांपैकी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या यादीतल्या जातींची नोंदणी २०२४च्या नियमांनी सक्तीची केली आहे. या प्राण्यांवर उपचार करू शकणारे डॉक्टर मोजकेच आहेत. कुत्र्या-मांजरांवर पोट भागवून सरपटणाऱ्या प्राण्यांत प्रावीण्य मिळवणाऱ्या तरुण पशुवैद्याला स्पर्धा जवळपास नाही.

शासकीय सेवेतली वाट वन विभागातून जाते. वनरक्षक, राज्य लोकसेवा आयोगामार्फत वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक, केंद्रीय आयोगामार्फत भारतीय वन सेवा हे तिचे टप्पे. इथे काम सापांचे नसून जंगलाचे, कायद्याचे आणि माणसांचे आहे. पण कोकणात हाती आलेला प्राणी बिनविषारी डुरक्या घोणस आहे की मांडूळ, मांडूळ असेल तर ते कुणाकडे आणि कशासाठी चालले होते, हे ओळखता न येणारा अधिकारी गुन्हा नीट नोंदवू शकत नाही. धनलाभाच्या अंधश्रद्धेतून चालणारी मांडुळाची तस्करी ठाणे-रायगडला नवीन नाही. तिला आता विमानतळाची जोड मिळाली आहे. २०२५च्या जूनच्या सुरुवातीला मुंबई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानातून कोळीशेपटीचे ३ व्हायपर, इंडोनेशियातले ४४ चापडे आणि ५ कासवे पकडली होती. पनवेलच्या उशाशी असलेल्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५पासून प्रवासी विमाने उडू लागली आहेत. उद्या इथेही सामानातून साप निघाला तर तो कोणता, कुठला, विषारी की बिनविषारी, हे तिथल्या तिथे सांगणारा माणूस लागेल. वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभाग, सीमाशुल्क खाते, डीएनए तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणि न्यायालयात साक्ष देणारे तज्ज्ञ ही एक स्वतंत्र कार्यशाखा होत आहे, आणि तिच्यात कायद्याची पदवी घेतलेल्यालाही जागा आहे.

खाजगी क्षेत्रात सर्वांत जास्त नोकऱ्या पर्यावरणीय सल्लागार संस्थांकडे आहेत, आणि पगार व ज्ञान यांच्यातली फट तिथेच सर्वांत रुंद आहे. २००६च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघात मूल्यांकन करावे लागते. ते करणाऱ्या सल्लागारांच्या मान्यतेत परिसंस्था आणि जैवविविधता हे स्वतंत्र विषयक्षेत्र आहे. पनवेलभोवती विमानतळ, महामार्ग, विमानतळाभोवतीचे नैना नियोजन क्षेत्र, तळोजाचे उद्योग यांमुळे असे अहवाल होतच राहतात. पण अनेक प्रकल्पांच्या मूल्यांकनात पावसाळा वगळून एका ऋतूची माहिती चालते. कोकणात साप, पाली, बेडूक दिसतात ते मुख्यतः पावसाळ्यात आणि तेही रात्री. म्हणजे प्राणी बाहेर नसताना मोजायचे आणि मग ते तिथे नाहीत असे लिहायचे. जातींच्या याद्या एका अहवालातून दुसऱ्यात उतरतात, ही टीका जुनी आहे. जाणकार तरुणाने या नोकऱ्या तुच्छ मानू नयेत. अहवालात खरी यादी येणे किंवा रस्त्याखालून प्राण्यांसाठी मोरी ठेवणे, यातून जितके साप वाचतात तितके जिन्यातून उचलून कधीच वाचणार नाहीत. प्राणिसंग्रहालयांतही पदे आहेत; केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या नियमांमुळे मोठ्या संग्रहालयांना जीवशास्त्रज्ञ, पशुवैद्य आणि शिक्षण अधिकारी लागतात. मात्र जागा थोड्या आणि भरती अनियमित, म्हणून ती एकमेव आशा ठेवू नये.

पदवीशिवायही ही फट बुजवता येते, याचा पुरावा किनाऱ्यावर आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२मध्ये वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. गावातल्याच माणसांना घरटी शोधण्याचे आणि राखण्याचे काम मिळाले, पुढे कासव महोत्सवामुळे घरोघरी पाहुण्यांची सोय सुरू झाली. ही पद्धत रायगडमधल्या हरिहरेश्वर, दिवेआगरपर्यंत पोहोचली. २०१२मध्ये स्थापन झालेला राज्याचा कांदळवन कक्ष तिच्या पाठीशी उभा राहिला, आणि जानेवारी २०२२मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या साहाय्याने कोकणच्या कासवांना उपग्रह टॅग लावले गेले. गावकरी, स्वयंसेवी संस्था, वन विभाग आणि शास्त्रज्ञ एका कामात आले तेव्हा त्या प्राण्याची जाण असलेल्या माणसाला उत्पन्न मिळाले.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की या क्षेत्रातली मोठी माणसे पदव्यांमुळे मोठी झाली नाहीत. हे खरे आहे. व्हिटेकर यांनी मद्रासचे सर्पोद्यान उभे केले तेव्हा त्यांच्याकडे पदवी नव्हती, आणि कॅप्टन सायकलिंगच्या शर्यतींतून सापांकडे आले. पण या माणसांनी आपल्या ज्ञानाचे संस्थेत, पुस्तकात, नोंदीत रूपांतर केले. त्यांनी केलेले काम आज करायला परवाने, प्रयोगशाळा आणि शोधनिबंध लागतात, आणि पदवीशिवाय ती दारे उघडत नाहीत. अपवाद होण्याची तयारी जरूर ठेवावी, पण पालकांनी मुलाच्या भवितव्याचे नियोजन अपवादावर करू नये. दुसरा आक्षेप, पगार दिला की सेवेचा धंदा होईल, पैशांसाठी खोटे साप निघतील. भीती निराधार नाही. मात्र प्रत्येक सापामागे पैसे देणे आणि प्रशिक्षित माणसाला मासिक वेतन देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अग्निशामक दलाच्या जवानाला आगीगणिक पैसे मिळत नाहीत, तरी कुणी त्याला स्वयंसेवक म्हणत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: नामांकित संस्था दूर, जागा थोड्या, परीक्षा इंग्रजीत, मग ही वाट पुन्हा सुखवस्तू घरांचीच. याला उत्तर एवढेच की या वाटेतला महत्त्वाचा टप्पा डेहराडूनला नसून पदवीच्या तीन-चार वर्षांत, गावातच आहे. कर्नाळ्याच्या रस्त्यावर मरणाऱ्या सापांची वर्षभर नोंद, सर्पमित्रांच्या फोनची माहिती एकत्र करणे, मराठीतून सर्पदंशाची प्रथमोपचार शिबिरे, यांना शुल्क लागत नाही. नीट केलेली अशी एक नोंद प्रवेशपरीक्षेच्या मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त बोलते.

तेव्हा विद्यार्थ्याला सल्ला देताना प्राणी आधी आणि विषय नंतर, हा क्रम उलटा केला पाहिजे. पशुवैद्यक, वैद्यक, जीवरसायन, परिसंस्थाशास्त्र, कायदा किंवा वनसेवा यांपैकी स्वतःला झेपेल ती एक विद्याशाखा आधी पक्की करावी आणि सरपटणारे प्राणी हे तिच्यातले आपले खास क्षेत्र ठेवावे. साप हाताळणे त्यात शेवटी आणि परवान्याने येईल, अनेकांच्या बाबतीत येणारही नाही, आणि त्याने काही बिघडणार नाही. पण सगळा भार विद्यार्थ्यावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही, कारण फट दोन्ही बाजूंनी आहे. पनवेल महानगरपालिकेने अग्निशमन दलात किंवा आरोग्य विभागात प्रशिक्षित सर्पबचाव कर्मचाऱ्यांची काही वेतनी पदे निर्माण करावीत, वन विभागाने केरळसारखी नोंदपद्धती सक्तीची करावी, आणि परिसरातल्या महाविद्यालयांनी ती नोंद विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी खुली करून घ्यावी. या तिन्हींना नवा कायदा लागत नाही. आज फुकट मिळणाऱ्या सेवेची किंमत कुणीतरी मोजतच असते. सर्पमित्र ती आपल्या वेळेने मोजतो, कधी जिवाने, आणि चुकीचे प्रतिविष घेणारा रुग्ण ती रुग्णालयात मोजतो. तीच किंमत महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात उघडपणे लिहिली गेली, की सापांवर काम करायचे म्हणणाऱ्या मुलाला उत्तर देणे पालकांना अवघड जाणार नाही.